शाळा सोडलेला मुलगा, शाळा मागणारा मुलगा आणि वर्धा

(दीर्घ धागा)

महात्मा गांधींच्या सावलीत वाढलेल्या दोन मुलांची ही हकीकत आहे. एकाला शाळेत जायचे होते. वडिलांनी जाऊ दिले नाही. दुसऱ्याने शाळेत जाणे सोडले. वडिलांनी ते मान्य केले आणि त्याचे शिक्षण स्वतःच्या हाती घेतले. पहिला हरिलाल मोहनदास गांधी, दुसरा नारायण महादेव देसाई.

दोघांच्या बालपणात जवळजवळ चार दशकांचे अंतर आहे. पहिली हकीकत दक्षिण आफ्रिकेतील दरबानला सुरू होते, दुसरी वर्ध्याच्या काळ्या जमिनीवर येऊन थांबते. मुलांना घरी शिकवावे, मुलाच्या कलाने शिकू द्यावे, हा विचार आज ‘होमस्कूलिंग’ या नावाने शहरी पालकांच्या चर्चेत असतो आणि पाश्चात्त्य देशांतून आलेला मानला जातो. वर्धा जिल्ह्यात त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात यश आहे, अपयश आहे आणि एका मुलाची आयुष्यभर न मिटलेली तक्रारही आहे.

१८९७ च्या जानेवारीत गांधी सहकुटुंब दरबानला उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर आठ वर्षांचा हरिलाल, चार वर्षांचा मणिलाल आणि विधवा बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा होता. मुलांच्या शाळेचा प्रश्न लगेच उभा राहिला. गोऱ्यांच्या शाळेत या मुलांना प्रवेश मिळू शकत होता, परंतु तो केवळ गांधींच्या वजनामुळे, अपवाद म्हणून. इतर हिंदी मुलांना ते दार बंद होते. जे सर्वांना मिळत नाही ते आपल्या मुलांसाठी घ्यायचे नाही, असे गांधींनी ठरवले. मिशनच्या शाळांमधील शिक्षण त्यांना पसंत नव्हते. दरमहा सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवली, त्यानेही समाधान झाले नाही. हरिलाल आणि भाचा यांना काही महिने हिंदुस्थानातील वसतिशाळेत ठेवून पाहिले आणि परत बोलावले. उरला एकच शिक्षक, तो म्हणजे वडील.

वडिलांना वेळ नव्हता, ही अडचण लहान नव्हती. वकिली, सार्वजनिक काम, सत्याग्रह, वृत्तपत्र या सर्वांतून जे क्षण उरत त्यात मुलांचे शिक्षण होई. जोहान्सबर्गला घरापासून कचेरीपर्यंत पायी जाताना मुले सोबत असत आणि चालता चालता जे बोलणे होई, तोच पाठ. पुढे फिनिक्सच्या वसाहतीत आणि १९१० नंतर हर्मान कॅलनबाख यांनी दिलेल्या टॉल्स्टॉय फार्मवर शेती, सुतारकाम, चपला शिवणे यांच्या जोडीने अक्षरओळख चाले. शिक्षणाचा हा प्रयोग पुढे वर्ध्याला कसा पोहोचला, हे याच धाग्यात पुढे येईल. पण तो प्रयोग ज्यांच्यावर झाला, त्यांच्यातील थोरल्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

हरिलाल बुद्धीने मंद नव्हता आणि धैर्याने तर मुळीच कमी नव्हता. ट्रान्सवालच्या लढ्यात तो वारंवार तुरुंगात गेला. त्याची मागणी साधी होती : मला रीतसर शिकू द्या. डॉ. प्राणजीवन मेहता यांनी विलायतेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली, तेव्हा गांधींनी आपल्या मुलाऐवजी छगनलाल या नातलगाची निवड केली. तो आजारपणामुळे परतला, तेव्हा सोराबजी अडाजानिया यांना पाठवले. सार्वजनिक नीतीच्या दृष्टीने या निवडीला नाव ठेवणे कठीण आहे, कारण स्वतःच्या मुलाला झुकते माप न देणारा पुढारी आजही दुर्मीळच. हरिलालच्या दृष्टीने मात्र अर्थ वेगळा होता. वडील आपले आहेत, म्हणूनच आपल्याला काही मिळत नाही.

१९११ मध्ये तो घर सोडून हिंदुस्थानात आला आणि अहमदाबादला माध्यमिक शाळेत दाखल झाला. वय तेवीस, लग्न झालेले, वर्गात बसलेली मुले निम्म्या वयाची. मॅट्रिक त्याला उत्तीर्ण होता आले नाही. १९१५ मध्ये त्याने वडिलांना उद्देशून एक प्रदीर्घ पत्र छापून घेतले. आपल्याला शिक्षणापासून वंचित ठेवले गेले आणि आपले म्हणणे कधी ऐकूनच घेतले नाही, ही त्यातील मुख्य वेदना होती. पुढील आयुष्य व्यसन, कर्ज आणि भटकंतीत गेले. वडिलांच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, जून १९४८ मध्ये, मुंबईच्या एका रुग्णालयात त्याचा अंत झाला.

एवढ्यावरून ‘शाळा नाकारली म्हणून मुलगा बिघडला’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्याच घरातील मणिलाल यांनी फिनिक्सला राहून ‘इंडियन ओपिनियन’ दीर्घकाळ चालवले आणि देवदास पुढे ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक झाले. गांधींनी आत्मकथेत स्वतःच मान्य केले आहे की, मुलांना आपण द्यायला हवा होता तेवढा वेळ दिला नाही आणि याबद्दल त्यांची तक्रार आहे. त्याच वेळी, गुलामीतील शाळेपेक्षा स्वातंत्र्याचे संस्कार मोलाचे, हे मत त्यांनी सोडले नाही. कबुली आणि समर्थन त्या प्रकरणात शेजारीशेजारी उभे आहेत. वाचकाला त्यातील कबुली अधिक खरी वाटते.

आता वर्ध्याकडे वळू.

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा भावे वर्ध्याला आले. साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमाची शाखा येथे असावी, अशी जमनालाल बजाज यांची इच्छा होती आणि तिच्यासाठी गांधींनी विनोबांना पाठवले. शाळेविषयी विनोबांची भूमिका त्यांच्या चरित्रातच नोंदलेली आहे. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघण्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली आणि गाडी सुरतेला पोहोचल्यावर मुंबईऐवजी काशीची वाट धरली. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. हा निर्णय त्यांच्यासाठी कोणी घेतला नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हरिलाल जे मिळवण्यासाठी घर सोडून निघाला, तेच विनोबांनी आपण होऊन जाळले.

जमनालाल बजाज यांची गोष्ट आणखी रंजक आहे. राजस्थानातील खेड्यात जन्मलेला आणि वर्ध्याच्या सेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आलेला हा मुलगा जेमतेम चौथीपर्यंत शिकला. मोठेपणी त्यांनी शिक्षणासाठी सढळ हाताने पैसा दिला. वर्ध्याचे मारवाडी विद्यालय, जे पुढे नवभारत विद्यालय झाले, त्यांच्याच पुढाकाराने वाढले. मात्र थोरला मुलगा कमलनयन याला त्यांनी विनोबांच्या आश्रमात शिकायला ठेवले. मुलगी मदालसाही विनोबांच्या हाताखाली शिकली. ज्याने गावाला शाळा दिली, त्यानेच आपल्या मुलांसाठी शाळेबाहेरची वाट निवडली. लक्षाधीशाच्या मुलांनी दळावे, कातावे, पाणी भरावे आणि फावल्या वेळात गीता व गणित शिकावे, अशी ही शिकवण होती.

कमलनयन पुढे केंब्रिजला शिकायला गेले, उद्योग सांभाळला, लोकसभेत वर्ध्याचे प्रतिनिधित्व केले. आश्रमातील वर्षे त्यांच्या वाटेत आडवी आली नाहीत आणि आश्रमानंतर विलायत, हा बदलही अडवला गेला नाही. हरिलालला ही मोकळीक नव्हती. अर्थात हरिलालच्या मागे बजाजांची पेढीही नव्हती.

नारायण देसाई यांचा जन्म २४ डिसेंबर १९२४ चा, वलसाडचा. वडील महादेवभाई गांधींचे सचिव, आई दुर्गाबेन. बालपण साबरमतीच्या आश्रमात गेले. १९३४-३५ च्या सुमारास गांधींनी वर्ध्याला मुक्काम हलवला. प्रथम मगनवाडी, मग ३० एप्रिल १९३६ पासून सेगाव. हेच सेगाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले, कारण शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल भलतीकडे जात असे. या स्थलांतरात महादेवभाईंचे कुटुंबही आले आणि नारायणचे कुमारवय या परिसरात गेले.

नारायणने शाळेत जाणे सोडले ते स्वतःच्या मनाने. त्याचे वडील स्वतः मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पदवीधर, वर कायद्याची पदवी. असा सुशिक्षित बाप मुलाला ‘आधी मॅट्रिक हो, मग काय ते ठरव’ असे म्हणाला असता तर कोणालाही नवल वाटले नसते. महादेवभाईंनी त्याऐवजी मुलाला आपल्यापाशी घेतले.

महादेवभाईंपाशी असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्यांचा दिवस पाहावा. गांधी सेगावला गेल्यावर काही काळ महादेवभाई मगनवाडीतच राहत आणि रोज पायी सेगावला जाऊन परत येत. जाऊन-येऊन सुमारे अकरा मैल, कधी दिवसातून दोनदा, वर्ध्याच्या वैशाखातही. डोक्यावर टोपी, काखेत कागदांची पिशवी. गांधींचा पत्रव्यवहार, ‘हरिजन’ साप्ताहिकाचा मजकूर, पाहुण्यांच्या मुलाखतींची टिपणे आणि या सर्वांवर रोजनिशी. गुजराती, मराठी, हिंदी, बंगाली, संस्कृत आणि इंग्रजी या भाषांत त्यांचा सहज वावर होता. गांधींची आत्मकथा इंग्रजीत आणि जवाहरलाल नेहरूंची आत्मकथा गुजरातीत त्यांनीच आणली. असा माणूस ज्याचा शिक्षक, त्याला भाषेचा निराळा तास कशाला?

शिवाय शिक्षक एकटे वडील नव्हते. आश्रमात येणारा-जाणारा प्रत्येक जण काही ना काही शिकवून जाई. कोणाकडे चरखा आणि विणकाम, कोणाकडे संगीत, कोणाकडे संस्कृत. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचे प्रयोग करीत होते. म्हणजे तेलघाणी, हातकागद, मधमाश्या. राजकारण शिकण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज नव्हती, कारण काँग्रेसची कार्यकारिणीच वर्ध्याला भरत असे. नारायणने सूतकताई आणि विणकामात प्रावीण्य मिळवले आणि मूलोद्योगी शिक्षण हाच आपला विषय निवडला.

फरक येथेच आहे. फिनिक्सला वडिलांच्या तत्त्वासाठी मुलांची शाळा बंद झाली होती. वर्ध्याला मुलाच्या इच्छेसाठी वडिलांनी आपला वेळ खर्च केला. दोन्हीकडे घर, आश्रम, श्रम आणि साधेपणा तेच. बदलला तो प्रश्न विचारण्याचा क्रम. मुलाला काय हवे आहे, हे दुसऱ्या वेळी आधी विचारले गेले. कालांतराने माणसे शिकतात, पुढारीही.

महादेवभाईंना पुढचे पाहता आले नाही. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या बंदिवासात, अटकेनंतर सहाच दिवसांनी, त्यांचा मृत्यू झाला. नारायण तेव्हा सतरा वर्षांचा होता. घरच्या शिक्षणाचा हा धोकाही इतिहासाने नोंदवून ठेवला आहे. शाळा एका माणसाच्या मृत्यूने बंद पडत नाही.

येथवरच्या हकीकतीवर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जमनालालांचा मुलगा आणि महादेवभाईंचा मुलगा शाळेबाहेर राहिले तरी त्यांचे काही अडणार नव्हते. एकामागे पेढी होती, दुसऱ्यामागे देशातील उत्तमोत्तम माणसे. पण सेगावच्या दलित वस्तीतील मुलाचे काय? त्याने शाळा नाकारली नव्हती. शाळेने त्याला पिढ्यान्‌पिढ्या नाकारले होते.

मराठी मुलखात हा प्रश्न फार आधी विचारला गेला होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात किमान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बहुजनांच्या करातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, हा त्यांचा मुद्दा होता. छत्रपती शाहूंनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. ज्यांच्यासाठी वर्गाचा उंबरठा हीच लढाई होती, त्यांना ‘मुलाला शाळेच्या पिंजऱ्यातून सोडवा’ हे वाक्य थट्टेसारखे वाटणे स्वाभाविक होते. घरी शिकवायला घरात शिकलेले माणूस लागते आणि रिकामा वेळ लागतो. मजूर आईकडे दोन्ही नसते.

गांधींनी या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणजे वर्धा योजना. मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधी, श्रोत्यांत सात काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री. परिषदेने चार ठराव केले : देशभर सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, शिक्षणाच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तोद्योग, आणि हळूहळू या उद्योगातून शिक्षकांचा पगार निघावा ही अपेक्षा.

पहिल्या ठरावातील ‘सक्तीचे’ हा शब्द नजरेआड करू नये. ज्यांनी स्वतःच्या मुलांना शाळेत घातले नाही, त्यांच्याच अध्यक्षतेखाली प्रत्येक मुलासाठी सक्तीच्या शाळेचा ठराव झाला. यात विसंगती आहे का? वरवर पाहता आहे. जवळून पाहिल्यास असे दिसते की फिनिक्स, टॉल्स्टॉय फार्म आणि साबरमतीच्या घरात जे काही उमगले होते, ते सरकारी शाळेत नेण्याचा हा खटाटोप होता. घर शाळेत आणायचे, म्हणजे ज्याच्या घरी कोणी शिकवणारे नाही त्यालाही ते मिळेल.

परिषदेत माना डोलावणारेच बसले नव्हते. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी विचारले की, शाळकरी मुलांनी फुकटच्या मजुरीवर माल तयार केला तर पोट भरण्यासाठी तोच माल करणाऱ्या कारागिरांनी कोठे जावे. जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांनी इशारा दिला की, स्वावलंबनावर फार भर दिल्यास शिक्षक मुलांना राबवून घेणारे मुकादम होतील. गंमत अशी की अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद याच झाकिर हुसेन यांच्याकडे देण्यात आले. २ डिसेंबर १९३७ ला त्यांचा अहवाल आला, फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे सेवाग्रामला पडले. टीकाकाराच्या हाती आराखडा सोपवणे, ही त्या काळातील राजकारणाची एक चांगली सवय होती.

सेवाग्रामची शाळा उभी केली ती ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने. ते सिलोनचे तमिळ ख्रिस्ती, त्या बंगाली. दोघेही रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून वर्ध्याला आलेले. श्रमाला त्यांनी गाणे, चित्र आणि सण यांची जोड दिली. १९४४ मध्ये शांतिनिकेतनचेच देवीप्रसाद कलाशिक्षक म्हणून आले आणि अठरा वर्षे राहिले. मूल आपल्या मनाने चित्र काढते तेव्हा त्याला दुरुस्त करायला धावू नये, हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्र होते. शांताबाई नारुळकर यांनी सात वर्षांखालील मुलांच्या पूर्व-बुनियादी शिक्षणाची घडी बसवली. पुढे मार्जोरी साइक्स या इंग्रज शिक्षिकाही शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी येथे आल्या.

तेथे धडा कसा चाले? एक उदाहरण पुरेसे आहे. वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती इंग्रज व्यापाऱ्यांपर्यंत होती. मूल कापूस वेची, सरकी काढी, पिंजून पेळू करी आणि टकळीवर सूत काती. चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. मग गुंडीत तारा किती? सहाशेचाळीस. फूट किती? दोन हजार पाचशेसाठ. गुणाकार येथे पाटीवर अवतरण्याआधी बोटांतून गेलेला असे. गुंडीचे वजन केले की सुताचा अंक कळे, म्हणजे भागाकार झाला. या कापसाला ही काळी जमीन का लागते, हा भूगोल. मँचेस्टरचे कापड येथे कसे आले, हा इतिहास. स्वयंपाकघराची पाळी आली की धान्याचा हिशेब आणि आहारशास्त्र, संडाससफाईची पाळी आली की खत आणि आरोग्यशास्त्र. मूल आज काय शिकेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातातील काम ठरवी.

या शाळेत शिकलेल्यांपैकी महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित नाव डॉ. अभय बंग यांचे. १९५० मध्ये वर्ध्यात जन्मलेल्या बंग यांचे वडील ठाकुरदास बंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि सर्वोदयी कार्यकर्ते. त्यांनी मुलाला सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत घातले. या शाळेला अभय बंग यांनी आपल्या लेखनात ‘जादूची शाळा’ म्हटले आहे. पुढे ते नेहमीच्या शाळेत गेले, नागपूरला वैद्यक शिकले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम उभे केले. खेड्यातील बालमृत्यूंची मोजणी करून घरोघरी नवजात बाळांवर उपचार करण्याची पद्धत त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी विकसित केली. त्यात बालपणीच्या त्या शाळेचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण हाताने मोजून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तेथेच शिकवली जात होती.

तरीही योजना फसली. गावातील आईबाप आपल्या मुलाच्या हातात पुन्हा टकळी आणि खराटा पाहून खूश होण्याचे कारण नव्हते. त्यांच्या घराण्याने आयुष्यभर तेच केले होते. त्यांना मुलगा तलाठी, मास्तर, कारकून झालेला हवा होता आणि त्यासाठी सरकारमान्य परीक्षा लागे. ही मागणी क्षुद्र ठरवण्याची चूक अनेक आदर्शवाद्यांनी केली. वस्तुतः तीच हरिलालची मागणी होती : मला रीतसर शिकू द्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ‘बुनियादी शाळा’ हे नाव घेतले आणि गाभा सोडला. टकळी कपाटात राही, तपासनीस येणार असला की बाहेर निघे. शहरांतील चांगल्या घरची मुले इंग्रजी शाळांत, खेड्यांतील मुले बुनियादी शाळांत, अशी वाटणी झाल्यावर योजनेचा नैतिक आधारच गेला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द आणला. महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना तो आठवतो तो कार्डबोर्डच्या पेन-स्टँडमुळे!

जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला एक पाहुणा आला. इव्हान इलिच. त्याच्या १९७१ च्या ‘डीस्कूलिंग सोसायटी’ या ग्रंथाने सक्तीच्या शाळेवर जगभर वादळ उठवले होते. गांधींच्या मातीच्या कुटीत तो बराच वेळ बसून राहिला आणि त्या कुटीवरच त्याने भाषण केले. त्याच्या आगेमागेच, १९७७ मध्ये, अमेरिकेत जॉन होल्ट यांनी शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक सुरू केले आणि तेथील ‘होमस्कूलिंग’ची चळवळ बळावली. ती लाट भारतात परत आली तेव्हा वर्ध्याचे नाव क्वचितच कोणी घेतले. सेवाग्रामची मूळ शाळा तोवर बंद पडली होती. २००५ मध्ये तेथेच ‘आनंद निकेतन’ या नावाने ती पुन्हा सुरू झाली.

दरम्यान कायदाही बदलला. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आला. फुल्यांची १८८२ ची मागणी मान्य व्हायला १२८ वर्षे लागली. या कायद्यात घरी शिकवणाऱ्या पालकांविषयी स्वतंत्र तरतूद नाही. अशी बरीच मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची परीक्षा देतात. म्हणजे घरातून निघालेली वाटही अखेर प्रमाणपत्रापाशी येते.

नारायण देसाई यांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. नवकृष्ण आणि मालतीदेवी चौधरी यांची कन्या उत्तरा यांच्याशी विवाह झाल्यावर हे जोडपे सुरतेजवळच्या वेडछी या आदिवासी गावी गेले. काम कोणते? नयी तालीमच्या शाळेत शिक्षकाचे. शाळा सोडलेला मुलगा मास्तर झाला. नंतर भूदानात गुजरातभर पायी हिंडला, शांतिसेनेत दंगलग्रस्त भागांत गेला. वडिलांचे चरित्र लिहिले, त्याला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गांधींचे चार खंडांचे चरित्र लिहून झाल्यावर, ऐंशीच्या उंबरठ्यावर, गावोगावी गांधीकथा सांगायला सुरुवात केली.

२००७ मध्ये ते गुजरात विद्यापीठाचे कुलपती झाले. हे विद्यापीठ गांधींनी १९२० मध्ये सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार टाकणाऱ्या मुलांसाठी स्थापन केले होते. पुढली सात वर्षे पदवीदान समारंभात त्या व्यासपीठावर अध्यक्षस्थानी बसत होते ते नारायणभाई. अंगावर स्वतः कातलेल्या सुताची खादी, आणि समोर पदवी घ्यायला उभे असलेले शेकडो विद्यार्थी.